शेवटच्या संघाचा पहिला हक्क

फुटबॉल हें नांव निघालें म्हणजे इकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें पायानें चेंडू लोटीत नेणाऱ्या अकरा-अकरा गड्यांचा खेळ उभा राहतो. अमेरिकेंत त्याच नांवानें ओळखला जाणारा खेळ अगदीं निराळा आहे. तेथील चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुतेक वेळ हातांतच राहतो, आणि तो घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडून त्याच्या हद्दींत शिरणें हें त्या खेळाचें मर्म होय. त्या खेळाचे नियम सांगणें हा प्रस्तुत भाषणाचा विषय नाहीं. तेथील धंदेवाईक संघ आपल्याला लागणारे गडी दरवर्षीं कोणत्या रीतीनें मिळवितात, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. विषय वरवर पाहतां करमणुकीचा वाटतो. परंतु त्याच्या पोटांत एक गंभीर प्रश्न आहे. मागणारे पुष्कळ आणि वस्तु थोडी, अशा वेळीं वांटणी कोणत्या न्यायानें करावी? आणि वांटावयाची ती वस्तु म्हणजे जर हाडामांसाचा मनुष्य असेल, तर त्याचें मत विचारावयाचें कीं नाहीं?

अमेरिकेंतील या खेळाचें प्रमुख मंडळ म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. त्याची स्थापना १९२० सालीं झाली. आरंभींच्या पंधरा वर्षांत विद्यापीठांत नांव मिळवून बाहेर पडणारा तरुण वाटेल त्या संघाशीं करार करण्यास मोकळा असे. साहजिकच ज्या संघाची थैली जड आणि कीर्ति मोठी, त्याच्याकडे चांगले गडी जात. चांगले गडी आले कीं विजय मिळे. विजय मिळाला कीं प्रेक्षक लोटत. आणि प्रेक्षक लोटले कीं थैली आणखी जड होई. दुबळ्या संघाचें चक्र याच्या नेमकें उलट फिरे. १९२९ पासून १९३४ पर्यंतच्या सहा वर्षांत अजिंक्यपद ग्रीन बे, शिकागो आणि न्यूयॉर्क या तीनच ठिकाणच्या संघांकडे राहिलें, यावरून त्या चक्राची कल्पना येईल.

फिलाडेल्फिया येथील ईगल्स संघाचा मालक बर्ट बेल हा या दुसऱ्या चक्रांत सांपडला होता. त्याचा संघ १९३३ सालीं निघालेला. हरण्याचीच त्याला संवय झालेली. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका नांवाचा एक बलदंड खेळाडू मिळविण्यासाठीं बेल आणि ब्रुकलिनचा संघ यांच्यांत चढाओढ लागली. रक्कम वाढत गेली आणि शेवटीं गडी ब्रुकलिनच्या हातीं लागला. अशा लिलावांत आपला निभाव लागणार नाहीं हें बेलला कळून चुकलें होतें. मे १९३५ मध्यें मालकांच्या बैठकींत त्यानें एक सूचना मांडली. विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एकच यादी करावी. गेल्या हंगामांत जो संघ सर्वांत खालीं राहिला त्यानें त्या यादींतून पहिलें नांव उचलावें, त्याच्या वरच्यानें दुसरें, आणि विजेत्यानें सर्वांच्या शेवटीं. अशाच फेऱ्यांमागून फेऱ्या व्हाव्या. एकदां एका संघानें नांव उचललें म्हणजे त्या खेळाडूशीं दुसऱ्या कोणीहि बोलणें करूं नये.

दुबळ्यानें अशी सूचना आणावी यांत नवल नाहीं. बलिष्ठांनीं ती मान्य करावी हें नवल होय. शिकागोचा जॉर्ज हॅलस आणि न्यूयॉर्कचा टिम मारा हे दोघे त्या वेळचे सबळ मालक. मोकळ्या बाजारांत त्यांचा लाभच होता. तरीहि त्यांनीं संमति दिली. आखाड्यांत एकच पैलवान उरला तर कुस्ती होत नाहीं, आणि कुस्ती झाली नाहीं तर तिकीट काढून कोणी येत नाहीं, हें त्यांना उमगलें होतें. प्रतिस्पर्धी जगला तरच आपला धंदा जगतो, हा या व्यवस्थेचा पाया आहे. शिवाय गड्यांसाठीं होणारी चढाओढ थांबली म्हणजे त्यांना द्यावयाचें वेतनहि आटोक्यांत राहतें, हा हिशेब कोणाच्याहि ध्यानांत येण्याजोगा होता. दया आणि व्यवहार यांचें असें मिश्रण मनुष्याच्या पुष्कळ संस्थांच्या मुळाशीं आढळतें.

या पद्धतीला इंग्रजींत ड्राफ्ट म्हणतात. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलांत झाला. संघ नऊ, फेऱ्या नऊ. सुमारें नव्वद नांवें एका फळ्यावर लिहिलेलीं, आणि त्यांतून ८१ खेळाडूंची निवड झाली. सर्वांत खालीं राहिलेला संघ बेलचाच असल्यामुळें पहिला मान त्यालाच मिळाला. त्यानें शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर याचें नांव उचललें. विद्यापीठांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूला दिला जाणारा चषक, जो पुढें हाइझमन चषक म्हणून प्रसिद्ध झाला, तो पहिल्यांदां याच तरुणाला मिळालेला होता. परंतु बर्वँगरला परवडेल असें वेतन देणें बेलला जमण्यासारखें नव्हतें. त्यानें आपला हक्क हॅलसला दिला. हॅलसशींहि बोलणें जुळलें नाहीं. आणि ड्राफ्टमध्यें निवडलेला हा पहिला खेळाडू धंदेवाईक फुटबॉलचा एकहि सामना न खेळतां रबरी मालाच्या विक्रीच्या नोकरींत शिरला. ईगल्स संघ १९३६ च्या हंगामांत एक सामना जिंकला आणि अकरा हरला. पहिला हक्क हातीं आल्यानें आपोआप कांहीं साधत नाहीं, हा धडा पहिल्याच वर्षीं मिळाला.

त्याच दिवशीं न्यूयॉर्कच्या संघानें दुसऱ्या फेरींत टफी लीमन्स याला घेतलें. हा वॉशिंग्टन शहरांतील एका विद्यापीठाचा खेळाडू. त्याची ख्याति फार दूरवर गेलेली नव्हती. टिम माराचा एकोणीस वर्षांचा मुलगा वेलिंग्टन यानें त्याला हेरून ठेवलें होतें. देशभरचीं वर्तमानपत्रें आणि मासिकें मागवून खेळाडूंचीं टिपणें करण्याचा या मुलाला नाद होता. लीमन्स पुढें या खेळांतील अग्रगण्यांत गणला गेला. म्हणजे ज्याला पहिली पाळी मिळाली त्याच्या पदरीं कांहीं पडलें नाहीं, आणि ज्याची पाळी मागाहून आली पण ज्यानें आधीं अभ्यास केला होता, त्याच्या पदरीं रत्न पडलें.

हळूहळू हा अभ्यास म्हणजेच एक शास्त्र झालें. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघानें १९४६ सालीं एडी कोटल याला गांवोगांव हिंडून खेळाडू पाहण्यासाठीं पूर्ण वेळ नेमलें. या पाहणीदारांना स्काउट म्हणतात. परंतु डोळे असून न पाहण्याचा दोषहि या इतिहासांत आहे. १९३४ पासून १९४५ पर्यंत या लीगमध्यें एकहि काळा खेळाडू नव्हता. ड्राफ्टमध्यें पहिला काळा खेळाडू, जॉर्ज टॅलिआफेरो, निवडला गेला तो १९४९ सालीं आणि तोहि तेराव्या फेरींत. दक्षिणेकडील काळ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयांकडे तर पुढेंहि पुष्कळ वर्षें थोडेच संघ लक्षपूर्वक पाहत. पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघानें बिल नन या काळ्या पत्रकारास आपल्या पाहणीच्या कामांत घेतलें. त्याचा या महाविद्यालयांशीं वर्षानुवर्षांचा परिचय होता. १९७४ च्या ड्राफ्टमध्यें स्टीलर्सनीं लिन स्वान, जॅक लँबर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर अशा चौघांना घेतलें. हे चौघेहि पुढें या खेळाच्या सन्मान-मंदिरांत गेले. त्यांपैकीं स्टॉलवर्थ हा अलाबामा ए. अँड एम. या काळ्या विद्यार्थ्यांच्या संस्थेंतला. त्याच्यावर ननची नजर होती आणि तो चौथ्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला होता. १९३३ सालीं निघालेल्या आणि तोंवर एकहि अजिंक्यपद न पाहिलेल्या या संघानें त्या हंगामापासून सहा वर्षांत चार अजिंक्यपदें मिळविलीं. इतरांचा पूर्वग्रह हाच ज्याचा लाभ झाला, असें हें ठळक उदाहरण आहे.

आतां आजची रीति पाहूं गेल्यास ती मूळ कल्पनेला धरूनच आहे. लीगमध्यें ३२ संघ असून १९९४ पासून सात फेऱ्या होतात. माध्यमिक शाळा सोडून तीन वर्षें लोटल्यावांचून खेळाडू पात्र ठरत नाहीं. एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस हा समारंभ चालतो. ज्या संघांना बादफेरींत प्रवेश मिळाला नाहीं ते आधीं, त्यांतहि ज्याची कामगिरी सर्वांत वाईट तो सर्वांआधीं. नंतर बादफेरींत जे जसजसे गळाले त्या क्रमानें. आणि अजिंक्य संघ बत्तिसावा. ज्यांचे चांगले गडी करार संपून इतरत्र गेले, त्यांना भरपाई म्हणून कांहीं जादा निवडी मिळतात. त्यामुळें २०२५ सालीं एकूण २५७ खेळाडू निवडले गेले. नांव सांगण्यास वेळ मोजून दिलेला असतो. २०२५ सालीं तो पहिल्या फेरींत दहा मिनिटें आणि दुसरींत सात मिनिटें होता. वेळ टळली तर मागचा संघ पुढें घुसूं शकतो. २००३ सालीं मिनेसोटाच्या संघाची सातवी पाळी अशीच टळली आणि दोन संघांनीं त्याच्या आधीं आपलीं नांवें देऊन टाकलीं.

या दहा मिनिटांच्या मागें वर्षाची तयारी असते. तिचा आरंभ स्वतःच्या घरांतील झडतीनें होतो. हंगाम चालू असतांना संघाच्या पटावर ५३ गडी असतात. या खेळांत चढाई करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, आणि लाथेनें चेंडू मारण्याचें काम करणारे आणखी वेगळे. चढाईचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे जावयाचा हें तो ठरवितो. त्याच्यापुढें पांच धिप्पाड गड्यांची भिंत असते. त्यांतील एकेकाचें वजन १४० किलोच्या आसपास भरतें. भिंतीच्या डाव्या टोकाच्या गड्याला विशेष मोल, कारण उजव्या हातानें चेंडू फेंकणाऱ्या सूत्रधाराला आपल्या डाव्या पाठीमागचें दिसत नाहीं. लांब धांवून चेंडू झेलणारे गडी हलके व चपळ. मोटेच्या बैलाचें काम शर्यतीचा घोडा करूं शकत नाहीं, तसा एका जागेचा गडी दुसऱ्या जागीं चालत नाहीं. म्हणून केवळ चांगले गडी जमवून भागत नाहीं. योग्य जागेचे गडी जमवावे लागतात. या रिकाम्या जागांनाच संघाची गरज म्हणतात.

गरज मोजण्यासाठीं संघाचे चालक प्रत्येक जागेपुढें कांहीं प्रश्न मांडतात. या गड्याचा करार कधीं संपतो? त्याचें वय काय? गुडघा, खांदा धड आहे काय? पुढील करारांत तो इतकें वेतन मागेल काय, कीं तें देणेंच अशक्य व्हावें? हा शेवटचा प्रश्न १९९४ पासून अधिक तीव्र झाला, कारण त्या वर्षापासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर सारखीच मर्यादा घालण्यांत आली. विचारी चालक आजची भोंकें मोजून थांबत नाहीं. दोन-तीन वर्षांनीं कोणती जागा रिकामी पडेल याचा तो अंदाज बांधतो. करार संपलेल्या अनुभवी खेळाडूंचा बाजार मार्च महिन्यांत उघडतो. तेथें एखादा बरा, बेताच्या वेतनाचा गडी घेऊन मोठें भोंक तात्पुरतें बुजवून ठेवावें, म्हणजे एप्रिलांत अमुकच घेतलें पाहिजे अशी लाचारी राहत नाहीं. भुकेल्या पोटीं मंडईंत गेलेला गृहस्थ जास्त पैसे देऊन नको तें घेऊन येतो. तोच प्रकार येथेंहि घडतो.

यानंतर पारखण्याचें काम. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरांत दरवर्षीं सुमारें तीनशें उमेदवार बोलाविले जातात. त्यांचें वजन, उंची, चाळीस यार्ड धांवण्याचा वेळ, उडी, बळ यांचीं मोजमापें होतात. वैद्यकीय तपासणी होते. संघांचे प्रतिनिधि मुलाखती घेतात. या सर्वांवरून प्रत्येक संघ आपला खाजगी फळा तयार करतो. उभ्या रांगा जागांच्या, आडव्या ओळी गुणांच्या. पाळी आली कीं फळ्याकडे पाहावयाचें. सर्वांत वरच्या ओळींत एकच नांव उरलें असेल आणि तें खालच्यांपेक्षां स्पष्टपणें श्रेष्ठ असेल, तर ती जागा रिकामी नसली तरी तेंच उचलावें. एकाच ओळींत चार नांवें असतील, तर ज्याची गरज आहे तें उचलावें. थोडक्यांत म्हणजे गुण बरोबरीचे असतां गरजेनें निकाल द्यावा. गुणांत मोठें अंतर असतां गरजेनें मध्यें बोलूं नये. जाणत्या संघांची ही रीति सांगावयास सोपी आहे. ती पाळणें कठीण, कारण गरज मनुष्याला आतून टोंचत असते आणि गुणांचा अंदाज मात्र कागदावरचा असतो.

या टोंचणीचें एक उदाहरण १९९८ सालचें आहे. सॅन डिएगोच्या संघाला क्वार्टरबॅक हवा होता आणि त्या वर्षीं दोन नामांकित तरुण उपलब्ध होते, पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. सॅन डिएगोची पाळी तिसरी. दोघांपैकीं एक तरी मिळावाच म्हणून त्यांनीं ॲरिझोनाच्या संघाला पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीची एक आणि वर दोन गडी देऊन दुसरी पाळी घेतली. मॅनिंग पहिल्या पाळीला इंडियानापोलिसकडे गेला आणि थोरपणाला चढला. लीफ सॅन डिएगोकडे आला. २००० च्या हंगामांत त्या संघानें सोळा सामन्यांत एकच जिंकला आणि त्यानंतर लीफला निरोप मिळाला. गरज खरी होती. पण गरज खरी असली म्हणजे तिच्यासाठीं घेतलेला माणूसहि खरा निघतो असें नाहीं.

याच्या उलट बाजूचीं उदाहरणें अधिक बोधप्रद आहेत. २००० सालीं न्यू इंग्लंडच्या पेट्रिअट्स संघाजवळ ड्रू ब्लेडसो हा नाणावलेला क्वार्टरबॅक होता. त्याच्याशीं पुढच्याच वर्षीं दहा वर्षांचा प्रचंड करार झाला. अशा संघाला आणखी एका क्वार्टरबॅकची गरज काय? तरीहि सहाव्या फेरींत, १९९ व्या पाळीला, त्यांनीं टॉम ब्रॅडी याचें नांव उचललें. सप्टेंबर २००१ मध्यें ब्लेडसो जबर जखमी झाला, ब्रॅडी मैदानांत उतरला, आणि त्याच हंगामाचें अजिंक्यपद संघाला मिळालें. त्या संघाकडून त्यानें अशीं सहा पदें मिळविलीं. ग्रीन बेच्या संघानेंहि २००५ सालीं ब्रेट फाव्हर भरांत असतांना चोविसाव्या पाळीला ॲरन रॉजर्स याला घेतलें आणि तीन वर्षें बाकावर बसवून ठेवलें; २००८ सालीं फाव्हर गेला तेव्हां जागा क्षणभरहि रिकामी राहिली नाहीं. आजची गरज आणि उद्यांची गरज यांत ज्याला भेद करतां येतो, त्यालाच ही निवड फळते.

भारतीय श्रोत्यांना हें क्रिकेटच्या उदाहरणानें लवकर पटेल. २००८ सालीं इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हां मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला. परंतु एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघांतील मुलांसाठीं ड्राफ्टचीच पद्धत ठेवण्यांत आली होती. दिल्लीजवळ फलंदाज भरपूर होते, म्हणून तिनें प्रदीप सांगवान या डावऱ्या गोलंदाजाला पसंत केलें. आणि त्या मुलांचा कर्णधार, खुद्द दिल्लीचाच रहिवासी विराट कोहली, बंगळूरकडे गेला. पायानें खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगनेंहि २०१४ सालीं आपल्या पहिल्या हंगामासाठीं भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट मुंबईंत भरविला होता. तेव्हां हा प्रकार इकडे अगदींच अपरिचित राहिलेला नाहीं.

अमेरिकेंतील संघ आपल्या पाळ्यांची देवघेवहि करतात, आणि तेथें या व्यवस्थेंतील खरी सावकारी दिसते. डॅलसच्या संघाचा शिक्षक जिमी जॉन्सन याच्या कारकीर्दींत, १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत, प्रत्येक पाळीची किंमत ठरविणारें कोष्टक तयार झालें: पहिल्या पाळीला ३,००० गुण, सोळाव्या पाळीला १,०००, आणि अशीच उतरती भांजणी. १९८९ च्या हंगामांत डॅलसचा संघ सोळांत एकच सामना जिंकला होता. त्याच हंगामाच्या मध्यावर त्यांनीं आपला एकमेव मोहरा हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यांत कित्येक गडी व पुढील वर्षांच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीच्या निवडींचा ढीग मिळविला. त्या भांडवलाची हुशारीनें उलाढाल करून त्यांनीं १९९० सालीं एमिट स्मिथ मिळविला. १९९२, १९९३ आणि १९९५ या हंगामांचीं अजिंक्यपदें डॅलसकडे गेलीं. १९९९ सालीं न्यू ऑर्लीन्सच्या संघानें उलट व्यवहार केला. रिकी विल्यम्स या एका खेळाडूसाठीं त्यांनीं त्या वर्षींच्या आपल्या सर्व निवडी आणि पुढील वर्षींच्या दोन देऊन टाकल्या. विल्यम्स गुणी होता. परंतु त्या हंगामांत संघ तीन सामने जिंकला व तेरा हरला. अकरा जणांच्या खेळांत एका माणसानें भिंत उभी राहत नाहीं.

पहिल्या पाळीचें मोल लोक वाजवीपेक्षां अधिक मानतात, हें पुढें अर्थशास्त्रज्ञांनींहि दाखवून दिलें. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या. एकाच जागेचे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले असतां आधीं निवडलेला नंतरच्यापेक्षां सरस निघण्याचें प्रमाण शेंकडा ५२ च्या आसपास आढळलें. म्हणजे नाणें उडविण्यापेक्षां किंचितच बरें. आणि वरच्या पाळीच्या खेळाडूला वेतन मात्र फारच जास्त द्यावें लागे. २०१० सालचा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफोर्ड याला एकहि सामना खेळण्यापूर्वीं पांच कोटि डॉलरांची हमी मिळाली होती. २०११ च्या करारानें नवागतांच्या वेतनाला पाळीप्रमाणें मर्यादा घातली. त्या वर्षींच्या पहिल्या खेळाडूचा, कॅम न्यूटनचा, चार वर्षांचा करार सुमारें दोन कोटि वीस लाखांचा झाला. संघांचा भार हलका झाला. परंतु तो हलका झाला तो खेळाडूच्या पदरांतून, हें विसरतां येत नाहीं.

आणि येथेंच आरंभीं विचारलेला दुसरा प्रश्न उभा राहतो. वांटणीचा न्याय संघासंघांमधला झाला. ज्याची वांटणी होते त्याचें काय? वकील, वैद्य, शिक्षक परीक्षा उतरल्यावर कोणत्या गांवीं नोकरी धरावी हें स्वतः ठरवितो. येथें बावीस वर्षांच्या तरुणाला त्याचें गांव आणि त्याचा धनी दुसरे ठरवून देतात, आणि तेंहि बहुधा सर्वांत दुबळ्या व अव्यवस्थित संघाचें. या धंद्यांत शरीर फार थोडीं वर्षें साथ देतें, म्हणून पहिलीं चार वर्षें म्हणजे पुष्कळदां सारें आयुष्यच. १९८३ सालीं जॉन एल्वे यानें बाल्टिमोरकडे जाण्याचें साफ नाकारलें आणि बेसबॉल खेळण्याची धमकी देऊन डेन्व्हरकडे बदली करून घेतली. पण असा दुसरा आधार किती जणांना असतो?

एका खेळाडूनें हा प्रश्न न्यायालयांत नेला. जेम्स स्मिथ, टोपणनांव याझू, याला १९६८ सालीं वॉशिंग्टनच्या संघानें निवडलें. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यांत त्याची मान दुखावली आणि त्याचा खेळ कायमचा संपला. अनेक संघांशीं मोकळेपणानें बोलतां आलें असतें, तर दुखापतीपासून संरक्षण देणारा करार आपल्याला मिळाला असता, असें त्याचें म्हणणें. १९७६ सालीं न्यायालयानें त्याच्या बाजूनें निर्णय दिला. १९७८ सालीं वरच्या न्यायालयानेंहि त्या काळचा ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा होता असें ठरविलें. तरीहि ड्राफ्ट बंद पडला नाहीं. दरम्यान १९७७ सालीं खेळाडूंच्या संघटनेनें मालकांशीं केलेल्या करारांत फेऱ्या कमी करून ड्राफ्टला मान्यता दिली होती. आणि संघटनेच्या संमतीनें झालेल्या अशा कराराला कायद्याचें संरक्षण मिळतें. १९९३ पासून ठराविक वर्षें भरल्यावर अनुभवी खेळाडूला बाहेर पडण्याचें स्वातंत्र्यहि मिळालें. मात्र ही संमति देणारे हे आधींच पटावर असलेले खेळाडू. ज्यांच्यावर ड्राफ्टचें बंधन पडावयाचें, ते तरुण त्या वेळीं शाळेंत असतात. बंधन एकाचें आणि संमति दुसऱ्याची, ही उणीव अजून राहिलेलीच आहे.

यांतील एक गंमत अशी कीं, ज्याला कोणीच निवडीत नाहीं तो मात्र वाटेल त्या संघाशीं बोलण्यास मोकळा असतो. स्वातंत्र्य मिळतें तें नाकारला गेल्यामुळें! कर्ट वॉर्नर याला १९९४ सालीं कोणीहि निवडलें नाहीं. ग्रीन बेनें त्याला बोलावून परत धाडलें. आयोवा संस्थानांतील एका किराणा दुकानांत रात्रपाळीला फडताळें भरण्याचें काम त्यानें केलें. १९९९ च्या हंगामांत सेंट लुइसच्या रॅम्स संघाचा जखमी क्वार्टरबॅक बाहेर गेला तेव्हां वॉर्नर उभा राहिला आणि संघाला अजिंक्यपद मिळवून दिलें. अठ्ठावीस-तीस संघांचे शेंकडों डोळे ज्याच्यावरून निसटून गेले, असा हा गडी.

मग बर्ट बेलचा हेतु साधला काय? कांहीं अंशीं निःसंशय साधला. थैलीचें बळ एकट्यानें वर्षानुवर्षें राज्य करील ही भीति उरली नाहीं. ग्रीन बे हें लाखभर वस्तीचें गांव. मोकळ्या बाजारांत त्याचा संघ केव्हांच बुडाला असता. तो आजहि न्यूयॉर्कच्या बरोबरीनें उभा आहे. परंतु समान संधि म्हणजे समान फळ नव्हे. क्लीव्हलँडच्या संघाला २००३ पासून २०१९ पर्यंत सतरा हंगामांत एकदांहि बादफेरी गांठतां आली नाहीं, जरी वरच्या पाळ्या त्याच्या वांट्याला वारंवार येत होत्या. २०१७ च्या हंगामांत तर त्यानें सोळाहि सामने गमावले. त्याच काळांत पेट्रिअट्स संघ बहुतेक वर्षीं रांगेच्या शेवटीं उभा राही आणि तरी जिंकत राही. पंक्तींत पहिलें पान मांडून देणें हें यजमानाच्या हातीं असतें. त्या पानावरचें काय पचेल हें जेवणाऱ्यालाच ओळखावें लागतें.

दुबळ्याला आधीं हात घालूं द्यावा, ही या व्यवस्थेंतील उदात्त कल्पना होय, आणि ती नव्वद वर्षें टिकली आहे ती बलिष्ठांनीं ती मान्य केल्यामुळें. तिच्यांतील न्याय मात्र अजून एका बाजूचाच आहे. रांगेंतील संघाला काय हवें हें दरवर्षीं मोठ्या काळजीनें मोजलें जातें. रांगेपुढें उभ्या केलेल्या तरुणाला काय हवें, हें मोजणारा फळा अद्याप कोणी टांगलेला नाहीं.